चिमूटभर वाळूचा कारखाना : डर्बीची वाटचाल

यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मिडलँड रेल्वेचं ६७३ क्रमांकाचं इंजिन उभं आहे. १८९७ साली डर्बीच्या कारखान्यात बांधलेलं, गडद किरमिजी रंगाचं, आणि मधोमध पावणेआठ फूट व्यासाची एकच चालकचाकांची जोडी. बघणारे त्या चाकाशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. चाक रुळाला टेकतं त्या जागी तोंड करून ठेवलेल्या बोटभर जाडीच्या नळीकडे फारसं कुणी बघत नाही. ती नळी नसती तर हे इंजिन कागदावरसुद्धा उतरलं नसतं, आणि डर्बीचा इतिहास लिहायचा तर मला तरी तो त्या नळीपासून लिहावासा वाटतो.

डर्बीवर लिहिलेलं बहुतेक सगळं इंजिनांवर लिहिलेलं आहे. कुठल्या सालात कुठला वर्ग, किती चाकं, कुठला साहेब. ते खोटं नाही. पण पावणेदोनशे वर्षं ज्या प्रश्नाने या गावाची पाठ सोडली नाही तो इंजिनाचा नव्हताच. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरतं आणि त्या दोघांच्या मध्ये ऐन वेळी चिमूटभर वाळू पोचवायची असते. वाळू पोचवायची कशी, तर वायूच्या झोताने ओढून आणि फेकून. हे करणाऱ्या साधनाला इजेक्टर म्हणतात.

सुरुवात १८३९-४० ची. नॉर्थ मिडलँड, मिडलँड काउंटीज आणि बर्मिंगहॅम अँड डर्बी जंक्शन अशा तीन कंपन्यांच्या गाड्या डर्बीला एकत्र येत होत्या आणि तिघींना आपापली दुरुस्तीची शेड हवी होती. नॉर्थ मिडलँडची शेड सोळा बाजूंची, मधोमध फिरता रूळ असलेली. ती रॉबर्ट स्टीफन्सनच्या देखरेखीखाली उभी राहिली. आज तिथे कॉलेज भरतं. १८४४ साली तिन्ही कंपन्या एक होऊन मिडलँड रेल्वे झाली. मॅथ्यू कर्टली इंजिन विभागाचे प्रमुख झाले आणि १८५१ मध्ये कारखान्याने स्वतःचं पहिलं इंजिन बांधलं. १८७३ मध्ये कर्टली वारले, सॅम्युएल जॉन्सन आले. डब्यांचं काम वाढलं तेव्हा १८७६ मध्ये लिचर्च लेनला वेगळा कारखाना काढला. डर्बीत आता दोन कारखाने झाले, एक इंजिनांचा आणि एक डब्यांचा. पहिल्या पस्तीस वर्षांची हकीकत एवढ्यात आटोपता येते, कारण इथवर डर्बी हा अनेक चांगल्या कारखान्यांपैकी एक होता.

मिडलँड कंपनीच्या वाट्याला मात्र एक अवघड जागा आली होती. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला ब्रॉम्सग्रोव्हजवळ लिकीचा चढ आहे, सुमारे तीन किलोमीटर लांब, ३७.७ ला १. आपल्याकडे बोरघाटात १८६३ साली गाडी चढू लागली तीही ३७ ला १ च्या चढावर. फरक एवढाच की बोरघाट पंचवीसेक किलोमीटरचा आणि आषाढात तिथे रूळ धुऊन निघतात. लिकीला रिमझिम आणि धुकं. रिमझिम जास्त वाईट. धो धो पाऊस रूळ स्वच्छ करतो, तर जेमतेम ओलावा रुळावरच्या गंजाच्या आणि काजळीच्या भुकटीत मिसळून त्याचा लगदा करतो आणि चाक त्यावरून सुळकन फिरतं. ही गोष्ट इंजिन चालवणाऱ्यांना कायमच ठाऊक होती. शास्त्रीय पत्रिकेत ती १९७५ मध्ये आली, आणि तीही डर्बीहूनच.

कोरड्या रुळावर चाकावरच्या भाराच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत ओढ मिळू शकते. ओल्या रुळावर ती निम्म्यावर येते. त्याहून जास्त वाफ दिली की चाक जागच्या जागी गरगरतं. यावर तोडगा जुनाच, रुळावर वाळू टाकायची. इंजिनावर वाळूची पेटी, तिला दांडीने उघडायची झडप आणि खाली रुळापर्यंत नळी. वाळू आपल्या वजनाने पडणार. व्यवहारात वाळू दमट झाली की नळीत बसून राही, कोरडी असली तर वारा तिला रुळावरून बाजूला नेई, आणि जी पडे ती चाकाच्या पुढे हातभर अंतरावर पडून चाक येईतो निम्मी सांडलेली असे. म्हणूनच जॉन्सनसाहेबांच्या काळात दोन किंवा तीन चालकजोड्या दांड्यांनी एकमेकींना जोडलेली इंजिनं ही सक्तीची बाब झाली. एका जोडीवर अवजड गाडी सुरू करण्याची कुणाची छाती नव्हती. एका जोडीची इंजिनं मिडलँडने दोन दशकं बांधली नव्हती.

इथे फ्रान्सिस होल्ट येतात. ते डर्बीचे वर्क्स मॅनेजर, म्हणजे कारखान्याची दैनंदिन जबाबदारी ज्यांच्या डोक्यावर तो माणूस. १८८५-८६ च्या सुमारास त्यांनी वाळू पाडण्याऐवजी फेकून बघायचं ठरवलं. पहिले प्रयोग दाबाखालच्या हवेवर झाले. काही इंजिनांवर वेस्टिंगहाउस ब्रेकसाठी हवेचा पंप होताच. त्यातली थोडी हवा वाळूच्या नळीत सोडली. वाळू नेमकी चाकाच्या तोंडाशी गेली. पण ब्रेकवाल्या कंपनीने हरकत घेतली, ब्रेकची हवा दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. हरकत रास्त होती, असं माझं मत आहे. गाडी थांबवायची हवा गाडी सुरू करायला खर्च करणं कुठल्याही सुरक्षा अभियंत्याला पटू नये. शिवाय मिडलँडचा कल निर्वात ब्रेककडे होता, त्यामुळे हवेचा पंप फारशा इंजिनांवर असणारही नव्हता.

मग होल्ट वाफेकडे वळले आणि मँचेस्टरच्या बाजूच्या ग्रेशम अँड क्रेव्हन या कंपनीशी त्यांची जोडी जमली. ही निवड योगायोगाची नाही. त्यामागे तीस वर्षांची एक परंपरा आहे आणि ती पॅरिसला जाऊन पोचते. वाफेच्या इंजिनावर १८५२ मध्ये हवेत उडालेला आंरी जिफार हा माणूस. त्याने १८५८ मध्ये इंजेक्टरचं पेटंट घेतलं. बॉयलरमधलीच वाफ एका निमुळत्या तोटीतून सोडून तिच्या झोताने थंड पाणी ओढायचं आणि त्याच बॉयलरमध्ये परत ढकलायचं, मध्ये पंप नाही, दट्ट्या नाही, एकही हलता भाग नाही. लोकांना हे आधी थोतांड वाटलं. बॉयलर स्वतःच्याच दाबाविरुद्ध स्वतःला पाणी कसं पाजेल? पण ते चाललं. इंग्लंडमध्ये त्याचा परवाना मँचेस्टरच्या शार्प स्ट्यूअर्ट कंपनीने घेतला, आणि तिथे नक्षानवीस असलेल्या जेम्स ग्रेशम यांनी १८६४ मध्ये त्यात सुधारणा करून पुढे स्वतःचा व्यवसाय काढला. होल्ट त्यांच्याकडे गेले तेव्हा झोताने द्रव ओढणं आणि हवा ओढणं या दोन्ही गोष्टी ग्रेशम यांच्या हातच्या होत्या. आता घन कण ओढायचे होते.

ते अवघड का, हे जरा थांबून बघायला हवं, कारण पुढच्या शंभर वर्षांच्या तक्रारी इथेच आहेत.

डासांसाठी घरोघरी असायचा तो हातपंपाचा फवारा आठवा. दांडा रेटला की हवेचा झोत उभ्या नळीच्या तोंडावरून जातो आणि डब्यातलं औषध आपोआप वर चढतं. झोत आजूबाजूच्या हवेला घासून आपल्याबरोबर ओढून नेतो, तिथे दाब कमी होतो, आणि ती पोकळी भरायला खालचं काहीतरी वर यावंच लागतं. वाळूच्या इजेक्टरमध्ये तोटीतून वाफ सुटते. तिच्या ओढीने नळीतली हवा निघते. त्या हवेला जागा भरून देण्यासाठी पेटीखालच्या वाकड्या खोबणीतून बाहेरची हवा आत येते, आणि येताना खोबणीत थबकलेल्या वाळूच्या ढिगाचा वरचा थर उचलून नेते. खोबण वाकडी ठेवण्यात खुबी आहे. झोत बंद असेल तेव्हा वाळू स्वतःच्या उतारावर थांबून राहते, कुठलीही झडप लागत नाही. झोत सुरू, वाळू सुरू. झोत बंद, वाळू बंद.

पण वाळू हवेसारखी वागत नाही. एक-दोन मिलिमीटरचा कण हवेच्या हजारोपट जड. झोताने धक्का दिला तरी त्याला वेग घ्यायला अंतर लागतं. तोवर हवा त्याला मागे टाकून पुढे निघून जाते. कणांना वेग देण्यात झोताचा आवेग खर्च होतो, म्हणून जितकी जास्त वाळू नळीत येईल तितकी ओढ कमी पडते. एका मर्यादेपर्यंत हे सोयीचंच आहे, कारण प्रवाह आपला आपण आवरला जातो. मर्यादा ओलांडली की कण नळीच्या तळाशी बसायला लागतात, आधी वळणावर, मग सरळ भागात. नळी लांब केली, वळण वाढवलं, तोंडाशी चिखल साचला, की इजेक्टर हरतो. मोठा उलटा दाब पेलणं त्याच्या प्रकृतीत नाही. आणि जे कण वेगात जातात ते जाताना तोटीच्या पलीकडची भिंत खरवडत जातात. हलता भाग नसला म्हणून झीज नसते असं नाही.

होल्ट-ग्रेशम रचनेचं शहाणपण वाफेची तोटी अगदी शेवटी, चाकापाशी ठेवण्यात होतं. पेटीपासून तोटीपर्यंत वाळू फक्त हवेसोबत येते. वाफेशी तिची गाठ पडते ती बाहेर पडताना. वाफ आधी भेटली असती तर तिचं पाणी झालं असतं आणि नळीत गारा बसला असता. तरीही वाफेची झडप गळकी झाली की थेंब थेंब पाणी मागे झिरपे आणि सकाळी नळी बंद. म्हणून प्रत्येक शेडमध्ये वाळू भाजायची भट्टी असे आणि चाळून, कोरडी करून, गरम असतानाच वाळू पेट्यांत भरली जाई. रेल्वेच्या इतिहासात या भट्टीवर उभ्या राहणाऱ्या पोरांची नावं नाहीत.

परिणाम मात्र लगेच दिसला. १८८७ मध्ये जॉन्सन यांनी पुन्हा एका चालकजोडीची इंजिनं काढली. १९०० पर्यंत डर्बीने अशी ९५ बांधली, आणि दांड्यांशिवाय गरगरणाऱ्या चाकांमुळे त्यांना लोक ‘स्पिनर’ म्हणू लागले. दांड्या नाहीत म्हणून घर्षण कमी, कोळसा कमी, धावणं मऊ. डर्बीचं बघून ग्रेट ईस्टर्नसारख्या कंपनीनेही एका जोडीच्या इंजिनांना पुन्हा हात घातला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात २६०१ क्रमांकाच्या ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ला ग्राँ प्री मिळालं. बक्षीस इंजिनाला मिळालं. पण एका जोडीचं इंजिन पुन्हा शक्य केलं होतं ते कारखान्याच्या व्यवस्थापकाने. संस्थांच्या इतिहासात असं वरचेवर होतं.

गाड्या जड होत गेल्या आणि स्पिनरचं राज्य पंधरा-वीस वर्षांत ओसरलं, पण वाळूचा झोत सगळ्या इंजिनांवर राहिला. लिकीच्या चढासाठी डर्बीने १९१९ मध्ये दहा चालकचाकांचं एक अजस्र इंजिन बांधलं. एकच नग, ‘बिग बर्था’. मागून गाडी रेटायची आणि परत खाली यायचं, हेच काम त्याने १९५६ पर्यंत केलं. त्या चढावर वाळूशिवाय त्याची दहा चाकंही पुरली नसती. आपल्या घाटांत १९२९-३० मध्ये वीज आली, ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिनं आली, तरी वाळूच्या पेट्या आल्याच. वीज असो की वाफ, रूळ तोच.

वाफेच्या इंजिनावर आणखी एक इजेक्टर होता आणि तो कितीतरी मोठा. आपण त्याला धुराडं म्हणतो. सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ धुरपेटीत एका तोंडातून वर सुटते, तिच्या झोताने भट्टीतले वायू नळ्यांमधून खेचले जातात, आणि त्यामुळेच भट्टीत ताजी हवा येते. इंजिन जितकं जोरात ओढेल तितका झोत जोरात, तितकी भट्टी प्रखर. याच्याइतकं आपणहून सांभाळून घेणारं यंत्र क्वचित सापडेल. पण तोही वायू आणि घन कण एकत्रच नेत असे. अर्धवट जळालेला कोळसा, राख, ठिणग्या. चढावर इंजिन ताणलं की जाळीवरचा बारीक कोळसा जळायच्या आतच उडून जाई. जड कण धुरपेटीत साचत आणि रोज कुणीतरी दार उघडून फावड्याने ते काढी. लंडन मिडलँड अँड स्कॉटिश कंपनीच्या शेवटच्या वर्षांत, आयव्हट यांच्या काळात, धुरपेटीत पत्रे आणि जाळ्या अशा बसवल्या की झोतच कणांना आपटून बारीक करी आणि धुराड्यावाटे बाहेर काढी. अशा इंजिनांच्या दारावर ‘एससी’ अशी छोटी पाटी असे. स्वतः साफ होणारी धुरपेटी. शेडमधल्या माणसाची पाठ वाचली. जे बाहेर गेलं ते रुळाकाठच्या गवतावर पडलं.

हे गवत लक्षात ठेवायचं. त्याची गोष्ट पुढे येते.

१९२३ मध्ये मिडलँड कंपनी लंडन मिडलँड अँड स्कॉटिशमध्ये विलीन झाली. डर्बीला लंडनहून हुकूम येऊ लागले, पण एक वेगळीच गोष्ट पदरात पडली. कंपनीचे उपाध्यक्ष सर हॅरॉल्ड हार्टली हे ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी डर्बीला लंडन रोडवर वैज्ञानिक संशोधनाची प्रयोगशाळा उभारली. डिसेंबर १९३५ मध्ये तिचं उद्घाटन लॉर्ड रदरफोर्ड यांच्या हस्ते झालं. अणूचं केंद्रक शोधणारा माणूस रंग, कापड आणि पोलाद तपासणाऱ्या प्रयोगशाळेची फीत कापायला येतो, यात मला हार्टलींचं वजन दिसतं. तिथे हवेचा बोगदाही होता. सुप्रवाही आकाराच्या गाड्यांच्या प्रतिकृती त्यात तपासल्या गेल्या. इतके दिवस कारखाना करून बघत होता, आता मोजून बघू लागला.

डिसेंबर १९४७ मध्ये, राष्ट्रीयीकरणाच्या तोंडावर, डर्बीहून १०००० क्रमांकाचं डिझेल इंजिन बाहेर पडलं, ब्रिटनमधलं मुख्य मार्गावरचं पहिलं. वाफ गेली म्हणजे वाफेचा वाळूझोतही गेला. पण डिझेलवर दाबाखालची हवा होती. होल्ट यांनी ज्या हवेने सुरुवात केली होती तिच्याकडेच डर्बी साठ वर्षांनी परतलं, आणि या वेळी कुणी हरकत घेतली नाही. १९५७ मध्ये इथलं शेवटचं वाफेचं इंजिन बांधून झालं. १९६४ मध्ये लंडन रोडलाच रेल्वे टेक्निकल सेंटर उघडलं. विमान उद्योगातून आलेल्या ॲलन विकन्स यांच्यासारख्या माणसांनी इथे चाकाच्या डोलण्याचं गणित मांडलं आणि त्यातून झुकणारी ‘एपीटी’ गाडी निघाली. १९७५ मध्ये तिने ताशी १५२ मैल गाठले. त्याची चर्चा खूप झाली. त्याच आवारात दुसऱ्या खोलीत काही जण रुळावरची घाण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होते, त्याची झाली नाही. बीगली आणि प्रिचर्ड यांचे १९७५ चे शोधनिबंध हे त्या कामाचं फळ. चाकाची पकड ठरवण्यात सगळ्यात मोठा हात पाण्याचा, तेही थोड्याच पाण्याचा, असं त्यांनी दाखवलं. लिकीच्या रिमझिमीला शेवटी छापील दाखला मिळाला.

आता गवत. वाफेच्या काळात ठिणग्यांमुळे रुळाकाठ पेटायचा, म्हणून टोळ्या लावून झाडंझुडपं कापली जात. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेवरची नियमित वाफ संपली, धुराडी गेली, आग गेली, आणि पाठोपाठ कापणाऱ्या टोळ्याही गेल्या. झाडं वाढली. दहा-पंधरा वर्षांत शरद ऋतूत रुळांवर पानांचा खच पडू लागला. चाकाखाली चेंगरून पानांचा काळा, कडक, गुळगुळीत थर रुळावर चढतो. तो ओला झाला की पकड, म्हणजे ओढ आणि चाकावरचा भार यांचं गुणोत्तर, ०.०५ च्याही खाली जाते. साधा ब्रेक लावायलाही ०.०९ च्या आसपास हवी. एक इजेक्टर बंद झाल्याने दुसऱ्याची गरज वाढली, असं मी म्हटलं तर डर्बीचे अभियंते हसतील. पण साखळी तीच आहे.

भरीला गाड्या बदलल्या. चाकाच्या धावेवर घासणारे ठोकळे जाऊन तबकडीचे ब्रेक आले. ठोकळे चाक आपोआप साफ करायचे. तबकडी करत नाही. लिचर्च लेनला बांधलेली १५८ वर्गाची गाडी हलकी, सुबक, तबकडी ब्रेकची. ती धावू लागल्यावर नवीच भीती उभी राहिली. रुळांतून सोडलेला अशक्त वीजप्रवाह गाडीच्या चाकांनी जोडला गेला की सिग्नलला कळतं की इथे गाडी आहे. पानांच्या थराने तो जोड तुटू लागला. म्हणजे गाडी आहे आणि सिग्नलच्या लेखी नाही. डर्बीच्या संशोधकांनी यासाठी गाडीला एक विद्युत उपकरण जोडून दिलं. त्याआधी त्यांनी वाळू आणि धातूचे कण चिकट लेपात कालवून रुळावर सारवायचा ‘सँडाइट’ही आणला होता. त्यात धातू घालण्याचं कारण हेच. नुसती वाळूही वीज अडवते.

यातच वाळूच्या झोताची कोंडी होती. ब्रेकसाठी वाळू जितकी जास्त तितकी चांगली, सिग्नलसाठी जितकी कमी तितकी. १९९० च्या दशकात ब्रेक लावताना आपोआप वाळू सोडणारी यंत्रणा प्रवासी गाड्यांवर येऊ लागली तेव्हा मिनिटाला एका रुळावर २ किलो ही कमाल मर्यादा ठरली. हा आकडा पकडीतून निघालेला नाही. तो वाळूच्या भीतीतून निघालेला आहे. गाडी सावकाश असेल तर तेवढीच वाळू एका मीटरवर दाट पडते, वेगात असेल तर विरळ. म्हणजे सगळ्यात जास्त वाळूची गरज जिथे, तिथे सगळ्यात कमी मिळणार.

दरम्यान संस्थाच मोडत गेली. इंजिनांचा कारखाना १९९० मध्ये बंद झाला. ब्रिटिश रेल्वे रिसर्च १९९६ च्या अखेरीस खाजगी कंपनीला विकली गेली, आणि लोक पांगले. लिचर्च लेनच्या फाटकावरची पाटी एबीबी, ॲडट्रान्झ, बॉम्बार्डियर, अल्स्टॉम अशी बदलत राहिली. तरी काम पूर्ण तुटलं नाही. डर्बीच्या संशोधकांनी एपीटीसाठी मेल्टनजवळ ओल्ड डाल्बीला चाचणीचा रूळ तयार केला होता. वाळूच्या नव्या चाचण्या तिथेच झाल्या. आरएसएसबी या सुरक्षा मंडळाच्या प्रकल्पात लिचर्च लेनलाच बांधलेल्या ३८७ वर्गाच्या गाडीवर दोन ठिकाणी वाळूचे झोत बसवले आणि वेगाबरोबर प्रवाह कमी-जास्त होईल असं केलं. रुळावर मुद्दाम निसरडेपणा आणून ब्रेक लावले. पूर्वीच्या ठरीव प्रवाहाच्या एका झोतापेक्षा गाडी लक्षणीयरीत्या कमी अंतरात थांबली. वेगानुसार वाळू बदलायची ही कल्पना सुचायला इतका उशीर का लागला, असा प्रश्न पडतो. उत्तर बहुधा असं की इजेक्टरचं वाळूवाहणं हे कुणा एकाचं शास्त्र राहिलंच नव्हतं. ते ब्रेकवाले आणि सिग्नलवाले यांच्या वादात अडकून पडलं होतं.

मार्च २०२३ मध्ये ‘ग्रेट ब्रिटिश रेल्वेज’ या नव्या संस्थेचं मुख्यालय डर्बीला नेण्याचं सरकारने जाहीर केलं. दुसऱ्याच वर्षी लिचर्च लेनचं काम संपत आलं आणि कारखाना बंद पडतो की काय अशी वेळ आली; एलिझाबेथ मार्गाच्या दहा गाड्यांच्या मागणीने तो तगला.

वाळूच्या नळीच्या इतिहासात मात्र दोन तारखा याहून महत्त्वाच्या आहेत. ८ नोव्हेंबर २०१० रोजी पूर्व ससेक्समध्ये डर्बीत बांधलेली ३७५ वर्गाची एक गाडी स्टोनगेट स्थानकावर थांबायची ती थांबलीच नाही. आणीबाणीचा ब्रेक लावलेल्या अवस्थेत स्थानकापुढे सुमारे ४ किलोमीटर घसरत गेली. कुणी जखमी झालं नाही. पुढच्या डब्याच्या पेटीत जवळपास नक्कीच वाळू नव्हती, असं चौकशीत निघालं. २१ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी वेल्समध्ये टॅलेर्डिगजवळ एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. वळणमार्गावर थांबायची होती ती गाडी १५८ वर्गाची. अपघात तपास शाखेने पहिल्याच आठवड्यांत जे सांगितलं त्यात एक वाक्य असं होतं की वाळू सोडणाऱ्या नळ्या तुंबलेल्या होत्या आणि त्यांतून वाळू बाहेर पडू शकत नव्हती असं दिसतं.

पेटी रिकामी असेल तर झाकण उघडून बघता येतं. तुंबलेल्या नळीचं तसं नाही. पेटी भरलेली, हवेचा दाब बरोबर, झोत सुटतोय, आवाजही येतोय. पण नळीच्या शेवटच्या भागात, चाकाने उडवलेला चिखल आणि ओलावा जिथे सगळ्यात आधी पोचतो तिथे, कण बसलेले. अशी नळी ओळखायचा खात्रीचा मार्ग आजही साधाच आहे. डेपोत गाडी उभी करायची, नळीच्या तोंडाखाली भांडं धरायचं, ठरावीक सेकंद झोत सोडायचा आणि भांड्यात पडलेली वाळू काट्यावर तोलायची.